लिहिलेलं माप

सरांनी कीबोर्डवर चार अक्षरं दाबली आणि भिंतीवरच्या पडद्यावर सहा आकडे लाल झाले. झालं एवढंच. पंखा मघासारखाच कुरकुरत फिरत होता, सकाळचं ऊन खिडकीच्या जाळीतून बाकांवर आलं होतं, आणि पडद्यावर पुढच्या रांगेतल्या मुलाने सरावासाठी काढलेलं दोन खोल्यांचं घर होतं. "हे सहा आकडे खोटे," सर म्हणाले. "कॉम्प्युटरने मोजलेले नाहीत. या महाशयांनी स्वतःच्या हाताने टाईप केलेत. खोली काढलीय तीन हजार चाळीसची आणि वर लिहिलंय तीन हजार. काय रे, ते चाळीस मिलिमीटर कुठे ठेवलेस, खिशात?" वर्ग हसला. तो मुलगाही मान खाजवत हसला. "आणि गंमत पुढेच आहे. मापं पुन्हा टाकायला सांगितली, की असले आकडे आपोआप पुसले जातात. रेघेत जे असेल तेच वर येतं. आधी काय लिहिलं होतं, ते मग कुणाच्या बापाला कळायचं नाही." पुन्हा हशा झाला. ती हसली नाही. माऊसवरचा हात तिने उचलून मांडीवर ठेवला, आणि तो कुणाच्या तरी दुसऱ्याच्या हातासारखा वाटला म्हणून दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

वर्गातली मुलं एकोणीस-वीस वर्षांची आणि ती एकतिसाव्यात, म्हणून सगळे तिला ताई म्हणत. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. नकाशे काढायच्या या क्लासला येण्याआधी नऊ वर्षं तिने एका झेरॉक्सच्या दुकानात काढली होती. इमारतींचे मोठमोठे नकाशे छापून घ्यायला तिथे माणसं येत, आणि ती ते कागद घडी घालून देई. कित्येकदा घडी घालताना तिचा हात थांबायचा. एवढ्याशा रेघांमध्ये जिना चढतो, दार उघडतं, पाणी उताराने वाहून जातं, हे तिला तेव्हा कळत नव्हतं, पण काहीतरी चाललंय एवढं दिसायचं. एकदा तिने बाबांना विचारलं. बाबा सुतार. चाळीस वर्षं चौकटी आणि दारं करण्यात गेलेली. दुकानातून खराब झालेला एक कागद ती घरी घेऊन आली होती, तो त्यांनी जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर चार भांडी ठेवली आणि तिला वाचून दाखवला. दार कुठल्या बाजूला उघडतं ते या कमानीवरून ओळखायचं. तुटक रेघ म्हणजे डोक्यावरचं. आणि खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं ते विसरायचं नाही: कागदावर पट्टी लावून मोजू नये, लिहिलेलं माप धरावं. "रेघ नुसती खूण गं," बाबा म्हणाले होते. "कागद ओला होतो, ताणला जातो. आकडा ताणला जात नाही." त्या दुपारी तिने ठरवलं की आपण हेच शिकायचं. सकाळी सात ते नऊ क्लास, आणि त्यानंतर एका लहानशा ड्रॉइंग ऑफिसात शिकाऊ म्हणून बसायचं, अशी व्यवस्था व्हायला पुढे दोन वर्षं गेली.

आता नऊ वाजले होते आणि बाकं सरकवल्याचे आवाज येत होते. ती जिना उतरली. ऑफिस इथून पंधरा मिनिटांवर होतं, रोजचा रस्ता, पण आज तिला दुकानांची दारं दिसत होती. दारंच तेवढी. प्रत्येक दाराची रुंदी ती नकळत मनात मांडत होती आणि प्रत्येक वेळी तिथे एकच आकडा येत होता. तो आकडा ज्या इमारतीतला होता ती म्हणजे वृद्धांसाठीचं एक वसतिगृह, दोन मजले, बावीस दारं, आणि तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः काढलेलं पहिलं काम. ऑफिसमधले जुने ड्राफ्ट्समन, ज्यांच्या नखातली शाई पेन सोडून पंधरा वर्षं झाली तरी गेली नव्हती आणि ज्यांना म्हणून सगळे शाईकाका म्हणत, त्यांनी तिच्या मागे उभं राहून पाहिलं आणि म्हणाले, "दारं नऊशे पंधरा कशी काय? चौकटीचे दोन्ही बाजूंचे तीस-तीस धरले नाहीस. नऊशे पंचाहत्तर कर." आणि ते चहाला गेले. नऊशे पंचाहत्तर करायचं म्हणजे बावीस ठिकाणी भिंती सरकवायच्या. भिंत सरकली की फरशी सरकणार, फरशी सरकली की कपाटं, पलंग, दिव्यांची बटणं. तीन दिवसांचं काम उसवायचं, आणि तेसुद्धा कामाला लागून दुसराच आठवडा असताना, शाईकाकांच्या देखत. तिला लाज वाटली. मग तिने सगळ्या दारांसाठी एकदाच लिहिलेल्या त्या आकड्यावर दोनदा क्लिक केलं, आकडा उघडा पडल्यासारखा निळा झाला, आणि तिने एकाच्या जागी सात लिहिला. त्या वेळी तिला आपण काही वाईट करतोय असं वाटलंच नव्हतं. उलट बाबांचा आवाज कानात होता. आकडा ताणला जात नाही. बांधणारे आकडाच बघणार. रेघेचं काय, ती नुसती खूण. शाईकाकांनी परत येऊन आकडा पाहिला, मान हलवली आणि 'तपासले' या चौकोनात सही ठोकली. प्रत 'अ' छापून बाहेर पडली.

आणि ती गेली कुणाकडे, तर बाबांकडे. कंत्राटदार बाबांना जुना ओळखीचा होता. बावीस चौकटींचं काम त्याने त्यांना दिलं, तेव्हा बाबा कागद घेऊन घरी आले आणि कोपऱ्यातल्या 'रेखाटन' या चौकोनातली तिची दोन आद्याक्षरं त्यांनी आईला बोट ठेवून दाखवली. आईने हात पुसून कागद उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "एवढंसंच नाव?" बाबा म्हणाले, "एवढंसंच असतं. घर केवढं आहे ते बघ." माप त्यांनी नेहमीच्या पद्धतीने एका फळीवर पेन्सिलीने उतरवून घेतलं, कागद साइटवर परत दिला, आणि महिनाभर रोज सकाळी शिट्टी वाजवत कामाला गेले. त्याच महिन्यात क्लासमध्ये सरांनी मापं आपोआप टाकायला शिकवली. किती नीटनेटकी येतात, सगळी एका उंचीवर, सगळी एका अक्षरात! दिव्यांच्या जागा बदलल्यामुळे तिला प्रत 'ब' काढायची होतीच. तिने जुनी मापं सगळी पुसली आणि नवी टाकली, आणि शाईकाकांनी चक्क शाबासकी दिली. प्रत 'ब' साइटवर गेली. नवी प्रत आली की जुनी फाडून टाकायची, चुकून कुणी जुन्यावरून काम करू नये म्हणून. गवंड्याने प्रत 'ब' पाहून भिंती उचलल्या. बाबांच्या चौकटी ट्रकमधून आल्या, आणि बावीसच्या बावीस चौकटी सहा सेंटिमीटरनी आत जाईनात.

त्या दिवशी ती तिथे होती. शाईकाकांबरोबर नवे कागद घेऊन गेली होती. भिंतीला खिळ्याने टांगलेल्या प्रतीसमोर कंत्राटदार, गवंडी आणि बाबा उभे होते, आणि कंत्राटदार आकड्यावर बोट आपटत म्हणत होता, "हे काय आहे? वाचा. नऊशे पंधरा! तुम्ही पंचाहत्तर कुठून आणलंत?" बाबा कागदाच्या अगदी जवळ गेले, मग मागे झाले, मग पुन्हा जवळ गेले. फळी त्यांच्या काखेत होती. फळीवर त्यांच्याच अक्षरात नऊशे पंचाहत्तर लिहिलेलं होतं, आणि ते बघून गवंडी म्हणाला, "एकाचा सात दिसला असेल बाबांना. वय झालं की होतं." तो चेष्टेने बोलला नव्हता, उलट सांभाळून घेत होता, आणि बाबांना तेच लागलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिनेही नाही. तिने पलीकडच्या वाळूच्या ढिगाकडे पाहिलं, ज्यावर एक कुत्रं पाय ताणून झोपलं होतं. त्या क्षणी आपल्याला आठवलं होतं का, हा प्रश्न ती गेले दोन महिने स्वतःला विचारू देत नव्हती. जुन्या प्रतीतही नऊशे पंधराच असेल, आपण सात लिहिला तो दुसऱ्या कुठल्या तरी कागदावर, सॉफ्टवेअरमध्ये असं कसं होईल, बाबांचे डोळे खरंच कमजोर झालेत, अशी दहा बुजगावणी तिने मनात उभी करून ठेवली होती. आज सरांनी चार अक्षरं दाबून ती सगळी आडवी केली. आठवलं होतं. बोटाला आठवलं होतं, आणि तिने बोट मुठीत धरून ठेवलं होतं.

ऑफिसमध्ये पोचल्यावर तिने आधी तेच तपासलं. जुन्या फायली एका फोल्डरमध्ये पडून असतात. प्रत 'अ' उघडली. वर लिहिलं होतं नऊशे पंचाहत्तर. मग तिने भिंतीत दारासाठी सोडलेल्या जागेची दोन टोकं धरली आणि कॉम्प्युटरला अंतर विचारलं. नऊशे पंधरा, त्याने सांगितलं, कसलाही आवाज न करता. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिला घरचं टेबल आठवलं. साइटवरून आल्यापासून बाबांनी काम घेणं बंद केलं होतं. तीन चष्मे करून झाले होते, आणि तिसराही लावून ते घरातल्या वस्तू मोजत बसत. टेबल, खिडकी, कपाटाचं दार. मोजायचं, जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहायचं, टेप गुंडाळायची, थोडं थांबायचं आणि पुन्हा तेच मोजायचं. आई एकदा म्हणाली, "अहो, ते टेबल काय रोज वाढतंय का?" बाबा ओशाळून हसले होते. ती घरी असली की तिला हाक मारत. "जरा बघ गं. तुला किती येतंय?" ती टेप धरायची. "सातशे बावन्न." "मलाही तेच आलं," ते म्हणायचे, आणि त्यांना बरं वाटायला हवं ते वाटायचं नाही. या एका वेळी नेमकं बरोबर दिसलं असेल, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर असायचं. चाळीस वर्षांत एक सूत इकडचं तिकडे न होऊ दिलेला माणूस, आणि तो मुलीकडून टेबलाची खात्री करून घेत होता. ती सातशे बावन्न म्हणत होती आणि चहाचा कप उचलून आत जात होती. एकदा नाही, बऱ्याचदा. तिला आता स्वतःची इतकी किळस आली, की ती उठून बेसिनपाशी गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा टेबलाशी वाटाणे सोलत बसले होते. टेप शेजारीच होती. आई आत काहीतरी शिजवत होती, आणि तिला ऐकू जाईल की नाही याचा विचार न करता मुलगी उभ्याउभ्याच बोलायला लागली. वाटेत तिने वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही. "बाबा, चौकटी तुमच्या चुकल्या नाहीत. कागदात सातच होता. मी लिहिला होता, हाताने. खाली रेघ पंधराची होती. मग मी मापं पुन्हा टाकली आणि एक आला. मी आज उघडून बघितलं." बाबांनी हातातली शेंग सोलून पुरी केली. दाणे भांड्यात पडले. मग ते म्हणाले, "सात होता?"

"हो."

"एक नव्हता."

"नव्हता बाबा. तुम्ही बरोबर वाचलं होतं."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पण पुन्हा लावला नाही. उजवा हात त्यांनी टेबलावर पालथा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. दोन महिने तो आवळलेला होता हे तिला तेव्हाच दिसलं. आई दारात येऊन उभी होती. "मला आधी हेच वाटायला हवं होतं," बाबा हळूच म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा कागद असता तर मी तिथल्या तिथे भांडलो असतो. म्हटलं असतं, जुनी प्रत आणा, फाडलेली असेल तर जोडून आणा. पण तू काढलेला होता ना. तू काढलंय म्हणजे तिथे चूक नसणार, हे मी धरूनच चाललो. मग राहिले कोण, तर माझे डोळे." तिला रडू फुटलं. बाबांनी तिला खुर्ची सरकवून दिली आणि विचारलं, "नोकरीत कायम कधी करतायत तुला?"

"पत्र तयार आहे म्हणतात. या आठवड्यात."

"हे कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही."

"मग राहू दे," बाबा म्हणाले, आणि दुसरी शेंग उचलली. "नाहीतरी मला कधीतरी थांबायचंच होतं. लोकांनी काय, ते ठरवून टाकलंय. माझ्या नावावर आहे ते माझ्याच नावावर राहिलेलं बरं. तुझी आत्ता कुठे सुरुवात आहे." आईने येऊन टेपचा पसारा गुंडाळला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. एवढ्यातच सगळं पार पडलं. त्यांना परत मिळालेले डोळे त्यांनी पाच मिनिटंसुद्धा स्वतःजवळ ठेवले नव्हते. दोन महिने त्यांनी चूक आपली समजून सोसली होती, आणि आता ती आपली नाही हे कळल्यावर जाणूनबुजून पदरात घेतली होती. सांगून टाकलं की आपण सुटू, असं तिला वाटलं होतं. सांगितलं, आणि आता हे पहिल्यापेक्षा जास्त जड झालं होतं. बाबा शिट्टी वाजवायच्या बेतात ओठांचा चंबू करत होते, पण शिट्टी आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने क्लास बुडवला आणि ऑफिस उघडायच्या वेळीच जाऊन बसली. नकाशाच्या उजव्या कडेला, नावाच्या चौकोनाच्या वर, एक छोटा तक्ता असतो. नवी प्रत काढताना काय बदललं, कधी बदललं आणि कुणी बदललं ते तिथे लिहायचं. कामकाजाची जागा ती, एरवी कुणी वाचतही नाही. 'ब'समोर लिहिलेलं होतं: दिव्यांच्या जागा बदलल्या. तिने खाली 'क' लिहिला. तारीख घातली. मग तिच्या लक्षात आलं की या प्रतीत बदलायला एकही रेघ नाही. भिंती उभ्या राहिल्या होत्या, चौकटी कापून बसवून झाल्या होत्या, त्या दारांतून माणसं उद्या ये-जा करणार होती, आणि नऊशे पंधरा हेच आता खरं माप होतं. एक रेघही न हलवता नवी प्रत काढायची. तिने लिहिलं: 'प्रत अ मध्ये चौकटीचे माप ९७५ लिहिले होते. ते रेखाटणाऱ्याने हाताने घातले होते व प्रत ब मध्ये न कळवता बदलले गेले. सुताराने प्रत अ प्रमाणे अचूक काम केले.' मजकूर चौकोनात मावेना. अक्षर बारीक करून मावला असता. तिने अक्षर तेच ठेवलं आणि चौकोन मोठा केला, दिव्यांच्या खुणांची यादी होती ती वर सरकवून. ती सरकवताना तिच्या रेघा, तिची अक्षरं, सगळं नीट जागेवर बसवावं लागलं, आणि त्यात अर्धा तास गेला. 'रेखाटन' मध्ये तिची दोन अक्षरं होतीच.

शाईकाका आले तेव्हा छापलेली एक प्रत त्यांच्या टेबलावर होती. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, नाक कागदाला लावून ती ओळ वाचली, आणि मग पहिल्यापासून पुन्हा वाचली. "अगं, इथे असं कुणी लिहितं का?" ते म्हणाले. "माप दुरुस्त, एवढे दोन शब्द पुरतात."

"माप दुरुस्त केलेलंच नाही काका. काय झालं होतं ते लिहिलंय."

"तो सुतार तुझा बाप ना?"

"हो. पण ते नसते तरी हेच व्हायला हवं होतं." हे खरं होतं की नाही, ते तिलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर तिने दोन महिने नाही, वीस वर्षं काढली असती, असंही तिला वाटलं.

"तुझं पत्र साहेबांच्या टेबलावर आहे," शाईकाका म्हणाले. "सही व्हायची आहे. आणि हा कागद आधी त्याच टेबलावर जाणार."

"माहीत आहे."

"अ वर 'तपासले' कुणी केलंय तेही माहीत असेल. मी. आकडा बघितला, रेघ मोजली नाही. चाळीस वर्षांत मी रेघ मोजल्याशिवाय सही केली नव्हती. म्हटलं, मशीनने काढलंय." ते खुर्चीत बसले. खिडकीबाहेर कुणीतरी लोखंडी शटर वर ढकललं, त्याचा आवाज संपेपर्यंत ते नखातल्या त्या जुन्या काळ्या रेघेकडे बघत होते. कागद ते तिला परत देतील, दोन शब्दांवर आण म्हणतील, असं तिला वाटलं, आणि त्यांनी तसं केलं तर आपण काय करू हे तिला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी पेन काढलं, पट्टी घेतली, दाराच्या रुंदीवर ठेवून प्रमाण मनात गुणलं, आकडा पाहिला आणि 'तपासले' या चौकोनात सावकाश सही केली.

"किती प्रती काढायच्या?" त्यांनी विचारलं. "कुणाकुणाला द्यायच्या त्या यादीत पाच नावं आहेत."

"सहा," ती म्हणाली. "सुताराचं नाव यादीतून खोडलंय. ते परत घालते."